कोल्हापूर फिरायला पास काढावा की सुटं तिकीट? हिशेब लिहा

सुट्टीत येणारे पाहुणे हमखास विचारतात: एसटीचा ‘आवडेल तेथे प्रवास’ पास काढायचा, गाडीवाल्याचं दर्शन पॅकेज घ्यायचं, की तिकिटं काढत फिरायचं? जाणकारांनी वर आपला भाग टाकून हिशेबासकट लिहावं. नुसतं ‘छान आहे, घ्या’ नको.

राजारामपुरी
पास ४ किंवा ७ दिवसांचा, तेवढे दिवस एसटीनं हवं तेवढं हिंडता येतं. एसटीचं भाडं ६ किलोमीटरच्या टप्प्यावर ठरतं. पासच्या किमतीला एका टप्प्याच्या भाड्यानं भागा आणि येईल त्याला ६ नं गुणा. तेवढे किलोमीटर होणार असतील तरच पास वसूल.

आता इथलं बघा. जाऊन-येऊन पन्हाळा ४० च्या आसपास, जोतिबा त्याहून जरा कमी, नृसिंहवाडी शंभराच्या आतबाहेर, राधानगरी त्याहून थोडं जास्त. चारी दिवस हिंडलात तरी तीनशेच्या घरात. एवढ्यासाठी पास अजिबात नको. मुंबईहून एसटीनं कोल्हापूर, इथून मालवण, मग रत्नागिरी करून परत मुंबई असा फेरा असेल तर हजाराच्या आसपास जातं. तिथं पास कामाचा.

मंगळवार पेठ
वरच्या हिशेबात एक भर. मार्च २०२३ पासून बायकांना एसटीत अर्धं तिकीट आहे, पण पासचा दर सगळ्या मोठ्यांना एकच. म्हणून त्यांचा पास वसूल व्हायला दुप्पट किलोमीटर व्हावे लागतात. ६५ ते ७५ वयाच्यांचंही तसंच. ७५ पुढच्यांना प्रवासच मोफत, फक्त वयाचा पुरावा जवळ हवा. घरातल्या सगळ्यांचे पास एकदम काढू नका, प्रत्येकाचं वेगळं गणित मांडा. सवलत राज्याच्या हद्दीपर्यंतच. निपाणी-बेळगावला जाताना पुढचं भाडं पूर्ण लागतं. केएमटी ही शहरातली बस महापालिकेची, तिथं एसटीचा पास चालत नाही.

शाहूपुरी, मध्यवर्ती बसस्थानकाजवळ
पासचा दिवस रात्री १२ ला संपतो. संध्याकाळी पहिली गाडी धरलीत तर एक दिवस जवळजवळ वाया. पास १० दिवस आधी काढता येतो, तेव्हा आदल्या दिवशीच घेऊन ठेवा आणि पहाटेच्या गाडीनं सुरुवात करा. शेवटच्या रात्री गाडीत असताना १२ वाजले तर पुढचं तिकीट काढावं लागतं. साध्या पासवर शिवशाही ही एसटीची एसी गाडी चालत नाही. पास म्हणजे जागेची हमी नव्हे, आरक्षणाचे पैसे वेगळे. हरवला तर दुसरा मिळत नाही.

सगळ्यात जास्त घोळ इथल्या स्थानकात निपाणीला जाणाऱ्या गाड्यांच्या फलाटावर होतो. पहिली लागलेली गाडी बऱ्याचदा कर्नाटकची असते, तिथं एसटीचा पास चालत नाही. लोक घाईत चढतात, कंडक्टर पास बघून मान हलवतो आणि तिकीट फाडतो. चढण्याआधी गाडीवरचं नाव वाचा.

गंगावेस
पॅकेजबद्दल. यादीत दहा-बारा ठिकाणं दाखवतात, पण अंबाबाई, भवानी मंडप, रंकाळा, जोतिबा इथं तिकीट नाहीच. तिकीट लागतं ते न्यू पॅलेसचं संग्रहालय आणि कणेरी मठाचं ग्रामजीवन संग्रहालय अशा मोजक्या जागी. पन्हाळ्यावर प्रवासी कर असतो. हे पैसे पॅकेजमध्ये धरलेत की वेगळे, ते आधी विचारा. धरले नसतील तर तुम्ही फक्त गाडीभाडं देताय, मग रिक्षा किंवा टॅक्सीच्या दिवसाच्या भाड्याशी तुलना करा.

तरी पन्हाळ्यासाठी गाडी खरंच उपयोगी पडते. एसटी एका जागी उतरवते. तीन दरवाजा, अंबरखाना, सज्जा कोठी एकमेकांपासून लांब आहेत. अंबरखान्यातल्या गंगा, यमुना, सरस्वती या तिन्ही कोठ्या आतून बघायच्या तर घाई चालत नाही. कणेरीला अर्धा दिवस लागतो. पन्हाळा, जोतिबा आणि कणेरी एका दिवसात म्हणणारं पॅकेज घेऊ नका, दोन ठिकाणं तरी नुसती खिडकीतून बघाल.

कसबा बावडा
वारही बघा. टाउन हॉल संग्रहालय सोमवारी बंद. रविवारी जोतिबाला आणि शुक्रवारी अंबाबाईला रांग वाढते, त्या दिवशी तासावारी पॅकेज घेतलंत तर निम्मा वेळ रांगेतच जातो.