मदत हवी आहे: महाधमनीचा फुगा फुटला आणि ऑपरेशन करायचंच नसेल तर?

वडील ८६ वर्षांचे. पोटातल्या महाधमनीला ६.८ सेंटिमीटरचा फुगा (ॲन्युरिझम) आहे, अजून फुटलेला नाही. पुरुषांत साधारण ५.५ च्या पुढे दुरुस्तीचा विचार करतात, म्हणून सर्जनने स्टेंट आणि पोट उघडून ऑपरेशन, दोन्ही समजावलं. पण हृदय अशक्त, किडन्याही थकलेल्या. नाना शांतपणे नाही म्हणाले. "फुटला तरी टेबलावर न्यायचं नाही" हेही बजावलं.

निर्णय त्यांचा, त्यावर वाद नको. (धाकटा भाऊ अजून नवनवे सर्जन शोधतोय, ते असो.) फुटला आणि ऑपरेशन नाही, तर वाचणं जवळपास नाहीच, हे कळलंय. पण "फार वेळ नसतो" म्हणजे किती?

वाचलं त्यावरून, रक्त थेट पोटाच्या पोकळीत गेलं तर मिनिटांचाच प्रश्न. मागे, कण्याच्या बाजूला झिरपलं तर गुठळी धरून काही काळ थोपतं. ब्रिटनमधल्या २००४ च्या एका अभ्यासात ऑपरेशन न झालेले ५६ जण होते. बहुतेक जण दाखल झाल्यावर दोन तासांहून जास्त जगले, निम्मे पावणेअकरा तासांच्या आत गेले. आइन्स्टाइननेही १९५५ मध्ये ऑपरेशन नाकारलं होतं, दुखणं सुरू झाल्यावर त्यांना काही दिवस मिळाले. पण दवाखान्यात पोचण्याआधीच गेलेले या आकड्यांत धरलेलेच नसणार ना?

रात्री कळ आली तर अँब्युलन्स बोलवायची की घरीच थांबायचं? खूप दुखतं का?

प्रतिसाद १
पॅलिएटिव्ह केअरमध्ये (गंभीर आजारात वेदना, त्रास कमी करणारी सेवा) नर्स आहे. नाही, ते आकड्यांत नाहीत, तुमची शंका बरोबर आहे.

पोटात किंवा पाठीत अचानक जबर कळ येते, दरदरून घाम, चक्कर. रक्तदाब उतरला की शुद्ध हरपत जाते. दुखणं मॉर्फिनने आवरता येतं, पण ते त्या रात्री शोधायचं नसतं. घरी ठेवायचं असेल तर डॉक्टरांकडून औषध, डोस आणि ते कोण देणार, हे आजच ठरवून घ्या. तशी सोय नसेल तर दवाखान्यात न्या. ऑपरेशन नको म्हणजे उपचारच नको असं नाही.

नानांची इच्छा लेखी हवी. कागद नसेल तर कॅज्युअल्टीतला डॉक्टर थिएटरकडेच पळवणार, त्याचंही चूक नाही. आणि प्रत्येक कळ म्हणजे फुगा फुटला असं नाही. मुतखड्याची कळही अशीच असते.

धागाकर्ता
धन्यवाद ताई. कागदाचं सुचलंच नव्हतं. सही भावासमोरच घेतो.