आईचा ईएसआर वाढला आहे, सीआरपी मात्र मर्यादेत : मदत हवी आहे

नमस्कार. आम्ही नाशिकला पंचवटीत राहतो. माझ्या ६४ वर्षांच्या आईचा ईएसआर (शरीरातील सूज-दाह सुचवणारी रक्ततपासणी) ५८ आला असून, रिपोर्टवर त्या आकड्याभोवती लाल पेनाने केलेला गोल पाहिल्यापासून तिचे जेवणात लक्ष नाही. स्त्रियांसाठी वयात १० मिळवून निम्मे करण्याचा ढोबळ हिशेब धरला, तरी कमाल मर्यादा ३७ येते. सीआरपी (दाह दाखवणारी दुसरी रक्ततपासणी) ४ आहे, हिमोग्लोबिन मात्र ९.८. रक्त कमी असल्यानेही ईएसआर वाढतो, हे मला ठाऊक आहे. परंतु सकाळी तासभर तिची बोटे इतकी आखडलेली असतात की भाकरी थापता येत नाही, म्हणून सगळे अशक्तपणावर ढकलायला मन धजत नाही. सोमवारी डॉक्टरांना संधिवाताच्या कोणत्या तपासण्यांविषयी विचारावे आणि ईएसआर किती आठवड्यांनी पुन्हा करावा, हे जाणकारांनी कृपया सांगावे.