मदत हवी आहे: आयटीआय फिटर भावाने काम कुठे शोधावं? अंबरनाथ, रबाळे की भिवंडी?

बदलापूर_पूर्व
धाकट्या भावाचा आयटीआयचा फिटर ट्रेड (यंत्रांचे भाग बसवणं-जोडणं) पूर्ण झालाय, एनसीव्हीटीचं म्हणजे राष्ट्रीय पातळीवरचं प्रमाणपत्र हातात आहे. भिवंडीच्या एका गोदामातून पिकर-पॅकरसाठी (ऑर्डरचा माल काढून बांधण्याचं काम) बोलावणं आलंय, 'महिना १८ ते २२ हजार' सांगतात. अंबरनाथच्या एका वर्कशॉपमध्ये अप्रेंटिसशिप मिळू शकते, पण स्टायपेंड बराच कमी. घरात पैशांची गरज आहे आणि ट्रेडही वाया जायला नको. या पट्ट्यांत काम कसं चालतं, काय विचारून घ्यावं, जाणकारांनी कृपया सांगा.

टूलरूम
ताई, आधी त्या १८-२२ हजारांची फोड मागा. असा आकडा बहुधा बारा तासांची ड्युटी आणि हजेरी बोनस धरून सांगतात. आठ तासांच्या २६ दिवसांचं बेसिक अधिक डीए (महागाई भत्ता) किती, एवढंच विचारा. समजा १५,००० निघाले, तर पीएफ १२ टक्के म्हणजे १,८००, ईएसआयसी (कामगार विमा) पाऊण टक्का म्हणजे ११३ आणि व्यवसाय कर २०० वजा होऊन हातात १२,८८७ येतात. काही ठेकेदार मालकाचा पीएफ हिस्साही कामगाराच्याच पगारातून कापतात. ते बेकायदा आहे. आठवड्याला ४८ तासांवरचं काम दुप्पट दराने मिळायला हवं, 'ओटी सिंगल' म्हणजे जादा कामाला साधाच दर, हे उत्तर आलं तर सावध राहा. पगाराच्या स्लिपवर कंपनीचं नाव येणार की ठेकेदाराचं, तेही आधीच कळू द्या. रुजू झाल्यावर पीएफचं पासबुक उमंग ॲपवर बघता येतं. भरणा पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत व्हायला हवा.

अप्रेंटिसशिपचा करार केंद्राच्या पोर्टलवर नोंदवलेला असेल तरच घ्या. करार क्रमांक नसेल तर वर्षअखेरची परीक्षा नाही, एनएसी म्हणजे अप्रेंटिसशिपचं राष्ट्रीय प्रमाणपत्र नाही, म्हणजे वर्षभर स्वस्तात राबणं झालं. नोंदणी असेल तर माझं मत ठामपणे अंबरनाथच्या बाजूने. फिटरचा हात पहिल्या वर्ष-दोन वर्षांतच बसतो.

मानकोली_नाका
भिवंडीला सरसकट नको म्हणू नका. मुंबईच्या जकात हद्दीबाहेर माल ठेवायचा आणि लागेल तसा टेम्पोने शहरात आणायचा, या सोयीतून मानकोली, दापोडे, पूर्णा, वळ या गावांत गोदामं वाढली. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला, जकात गेली. मग राज्याराज्यांत छोटी गोदामं ठेवण्यापेक्षा एकच मोठं गोदाम परवडू लागलं. मोठ्या गोदामात कन्व्हेअर (माल वाहणारे पट्टे), डॉक लेव्हलर (गाडी आणि गोदाम यांची पातळी जुळवणारा फळा), फोर्कलिफ्ट असतात आणि ते बंद पडले की गाड्यांची रांग लागते. भावाने पिकरऐवजी 'मेंटेनन्स टेक्निशियन' म्हणून अर्ज करावा.

पिकरची भरती दसरा-दिवाळीच्या ऑर्डरींसाठी जुलै-ऑगस्टपासून जोर धरते आणि दिवाळीनंतर ठेकेदार माणसं कमी करतो. आत्ता दिलेला शब्द डिसेंबरमध्ये टिकेल असं धरून घरखर्च बांधू नका. शिवाय 'रजिस्ट्रेशन', 'युनिफॉर्म डिपॉझिट' म्हणून आधी पैसे मागणाऱ्याला एक रुपयाही देऊ नका.

गेटपास
अंबरनाथ-डोंबिवलीच्या एमआयडीसीत बहुतेक कारखाने शुक्रवारी बंद असतात, त्या दिवशी फेरी फुकट जाईल. मंगळवार-बुधवारी सकाळी गेटवर जा, बायोडाटा सिक्युरिटी केबिनमध्ये टाकून निघू नका, टाइम ऑफिसमध्ये (हजेरी-भरती बघणारं ऑफिस) कोणाला भेटायचं ते विचारा. अंबरनाथच्या आनंदनगर एमआयडीसीपासून सुरुवात करा. ऑर्डनन्स फॅक्टरीच्या अप्रेंटिस जाहिरातींवरही लक्ष ठेवा.

मुलाखतीला सुपरवायझर बहुधा व्हर्निअर (बारीक माप घेण्याचं साधन) हातात देतो. ०.०२ मिमी लीस्ट काउंट (मोजता येणारं सर्वांत लहान माप) असलेल्या व्हर्निअरवर मुख्य पट्टी २३ आणि व्हर्निअरची सतरावी रेघ जुळली, तर माप २३.३४. इथे बरीच पोरं अडतात, कारण शाळेत शिकलेला ०.१ चा हिशेब डोक्यात असतो आणि ती २४.७ सांगून बसतात. एम१० च्या टॅपसाठी (१० मिमी बोल्टचे आटे पाडण्याचं हत्यार) ड्रिल किती? १० वजा पिच म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर १.५, म्हणजे ८.५ मिमी. आदल्या दिवशी या दोन गोष्टींचा सराव करून घ्या.

बदलापूर_पूर्व
सगळ्यांचे मनापासून आभार. नवी मुंबईतल्या रबाळे-महापेचं विचारायचं राहिलं, बदलापूरहून रोज जमेल का?

टूलरूम
जमतं, पण शिफ्ट बघून. ठाण्याला उतरून ट्रान्स-हार्बरची वाशी किंवा पनवेल गाडी पकडायची, रबाळे मधलंच स्टेशन. महापेला घणसोली किंवा कोपरखैरणेहून रिक्षा लागते. ठाण्याचा बदल आणि शेवटची रिक्षा धरून घरापासून मशीनपर्यंतचा वेळ मोजा. सकाळी सातची शिफ्ट असेल तर पहाटेच निघावं लागेल. दुसरी शिफ्ट रात्री अकराला सुटते, तेव्हा कंपनीची बस ठाण्यापर्यंत सोडते का आणि तिथून बदलापूरची गाडी मिळते का, हे पाहिल्याशिवाय होकार देऊ नका. फिरत्या शिफ्टमध्ये हा प्रश्न दर दोन-तीन आठवड्यांनी येणारच. तिकडे पगार दीड-दोन हजारांनीच जास्त असेल तर अंबरनाथच बरं. पास, रिक्षा आणि बाहेरचं जेवण यातच तो फरक संपतो.