जात पुकारून मुलांना वर्गात उभं करणं हा भेदभाव नाही का?

मांडवीजवळची

गेल्या आठवड्यात लेकीचा चष्मा घरी राहिला म्हणून द्यायला शाळेत गेले. बडोद्यातलीच महापालिकेची गुजराती माध्यमाची शाळा, चौथीचा वर्ग. नाव लिहीत नाही, कारण त्या बाईंवर माझा राग नाही. मी दारात उभी होते आणि बाईंच्या हातात यादी होती. "शिष्यवृत्तीचे फॉर्म आलेत. एस.सी.वाळा छोकरां ऊभां थाओ." पाच मुलं उठली. माझ्या लेकीच्या शेजारची मुलगी बसूनच राहिली. बाईंनी यादीत बघून तिचं नाव घेतलं, "तुं पण ने?" तेव्हा ती उठली. उठल्यावर वहीच्या पानाचा कोपरा अंगठ्यानं दुमडत होती, परत सरळ करत होती. सगळा वर्ग माना वळवून तिच्याकडे बघत होता.

रात्री जेवताना लेकीनं विचारलं, "आई, आपण कुठले? आम्हाला बाईंनी उभं नाही केलं." दोन घास खाऊन परत म्हणाली, "ती एस.सी. आहे हे मला माहीतच नव्हतं. आता सगळ्यांना कळलं."

बाईंनी शिवी दिली नाही, कुणाला मागच्या बाकावर बसवलं नाही. तरी माझ्या मते हा भेदभावच आहे. जात शाळेच्या रजिस्टरमध्ये असू दे, ती वर्गात पुकारायचं काय कारण? यावर तक्रार करावी असं वाटतंय. तुमचं काय मत?

वाडीतले निवृत्त मास्तर

ताई, तुमची कळकळ कळते, पण मत पटत नाही. मी एकतीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलं. हे फॉर्म शाळेलाच डिजिटल गुजरातच्या पोर्टलवर भरावे लागतात. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, आधार, पासबुक, यातला एक कागद कमी पडला की अर्ज अडकतो. वर्गात पन्नास मुलं, त्यात निवडणुकीचं काम, मतदार यादीचं काम. घरी चिठ्ठी पाठवली तर ती दप्तराच्या तळाशी आठ दिवस पडून राहते. एका वर्षी मी, तुम्ही म्हणता तसं, कुणाचं नाव न पुकारता चिठ्ठ्या दिल्या. तीन मुलांचे कागद मुदतीत आलेच नाहीत, त्यांचे पैसे बुडाले. त्यातल्या एकीची आई दुसऱ्यांच्या घरी भांडी घासायची. तिला काय तोंड दाखवायचं, सांगा. पुढच्या वर्षीपासून मी वर्गात पुकारायला लागलो, आणि एकही अर्ज राहिला नाही.

भेदभाव हा शब्द फार जड आहे. मुलाला माठाला हात लावू न देणं, संडास धुवायला ठरावीक मुलांनाच पाठवणं, भोजनाच्या पंगतीत वेगळं बसवणं, हा भेदभाव. फॉर्म भरून घेण्याला तोच शब्द लावलात तर खऱ्या तक्रारीलाही कुणी विचारणार नाही.

न्यायमंदिर

वकिली करतो, म्हणून कायद्यापुरतं लिहितो. अ‍ॅट्रॉसिटीचा विषय इथे काढू नका. 1989 च्या त्या कायद्यात अपमान करण्याचा हेतू लागतो आणि बाईंचा तसा हेतू दिसत नाही. शिक्षण हक्काचा 2009 चा कायदा मात्र लागू होतो. त्याच्या कलम 8 आणि 9 नुसार दुर्बल आणि वंचित गटातल्या मुलांशी भेदभाव होऊ नये, त्यांचं शिक्षण अडू नये, ही जबाबदारी सरकारवर आणि स्थानिक संस्थेवर, म्हणजे आपल्याकडे महापालिकेवर आहे. यावर कुणी म्हणेल की मुलीचं शिक्षण कुठे अडलंय? तो युक्तिवाद होऊ शकतो. म्हणून मी कलम 17 वर जास्त भर देईन. त्यात छडीच्या जोडीला मानसिक छळालाही मनाई आहे. तरी एकदा पुकारलं तर तो छळ ठरेल का, याची खात्री मी देणार नाही.

कलम 32 प्रमाणे स्थानिक संस्थेकडे लेखी तक्रार करता येते आणि तिला तीन महिन्यांत निर्णय द्यावा लागतो. पण त्याआधी शाळा व्यवस्थापन समितीकडे जा. तिच्यात निदान तीन चतुर्थांश सभासद पालक असावे लागतात, निम्म्या बायका असाव्या लागतात, आणि वंचित गटातल्या पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा द्यावी लागते. असे पालक तुमच्या समितीत खरंच आहेत का, हे आधी बघा.

सुरसागरच्या काठी

जातीचा रकानाच काढून टाका, भांडण मिटेल. गरीब आहे त्याला मदत द्या. बडोद्यात जातपात कधी फार नव्हतीच. सयाजीरावांनी 1906 साली राज्यभर प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि फुकट केलं, सगळ्या जातींच्या मुलांना शाळेत आणलं. त्या गावात आपण हे उगाळत बसलोय.

कारेलीबाग

महाराजांबद्दल मलाही तितकाच आदर आहे. पण राजानं कायदा केला म्हणून गाव बदललं असं होत नाही. त्याच महाराजांच्या शिष्यवृत्तीवर बाबासाहेब कोलंबियाला शिकून आले आणि 1917 साली बडोद्यात नोकरीवर रुजू झाले, तर ऱ्हायला जागा मिळेना. पारशी धर्मशाळेत उतरले, तिथूनही बाहेर काढलं. मुंबईच्या गाडीची वेळ होईपर्यंत पाच तास कमाटी बागेत बसून काढावे लागले त्यांना. आणि महाराजांनाही अंत्यजांसाठी सुरुवातीला वेगळ्या शाळा काढाव्या लागल्या होत्या. रकाना काढला तर शिष्यवृत्ती जाईल, खासगी शाळांतल्या पंचवीस टक्के जागा ठरवताना वंचित गट कसा ओळखणार हे कळणार नाही, समितीत कुणाचे पालक आहेत हेही कळणार नाही. ज्याच्यावर अन्याय होतो त्याची नोंदच नसेल तर तो दाद कशाच्या आधारावर मागणार?

अकोटा

मी त्या उभं राहणाऱ्यांतला आहे, म्हणून बोलतो. मांडवीजवळच्या ताई, तुम्ही चांगल्या मनानं लिहिलंय, पण मला त्यात एक गोष्ट खटकली. एस.सी. असणं ही लपवायची गोष्ट आहे असं तुम्ही धरून चालला आहात. माझे वडील दर 14 एप्रिलला आम्हाला संकल्पभूमीवर न्यायचे, म्हणजे कमाटी बागेतल्या त्या जागी, जिथे बाबासाहेबांनी अस्पृश्यतेविरुद्ध लढायचा संकल्प केला असं मानतात. म्हणायचे, वर्गात नाव घेतलं तर ताठ उभा राहा, खाली बघायचं नाही. मी तसाच उभा राहायचो. ही शिष्यवृत्ती भीक नाही, हक्क आहे. कानात कुजबुजून द्यायला लागलात की ती लाजेची गोष्ट होते. बदलायचं असेल तर उभं राहणाऱ्याकडे माना वळवून बघणाऱ्यांना बदला.

गोत्री, एक आई

अकोट्याच्या दादा, तुमच्या वडिलांना माझा जय भीम. पण संकल्पभूमीवर आपण आपल्या पायानं जातो. वर्गात बाई उभं करतात. तुमच्या घरी एप्रिल साजरा होत होता, तुम्हाला आधीच सांगून ठेवलं होतं. माझ्या घरी कुणी काही सांगितलं नव्हतं. तिसरीत मला पहिल्यांदा कळलं की मी कोण आहे, आणि तेही बाईंच्या यादीतून, चाळीस मुलांसमोर. आईनं सांगितलं असतं तर मी तिला दहा प्रश्न विचारले असते. बाईंना काय विचारणार?

दुसऱ्या दिवसापासून माझं नाव पडलं 'फॉर्मवाली'. खो-खोत गडी निवडताना, "फॉर्मवाली तुमच्यात घ्या." हे पाचवीपर्यंत चाललं. मास्तरांनी म्हटलं की माठाला हात लावू न देणं हा खरा भेदभाव. काका, मला माठाला कुणीच अडवलं नाही. पण त्या दिवसानंतर मी पाणी प्यायला एकटी जायची, कारण माझ्याबरोबर रोज यायची ती यायची बंद झाली. तिला घरून सांगितलं होतं की आणखी काही, मला आजही माहीत नाही. मी बाटली घरून न्यायला लागले.

ताई, तुमची लेक त्या मुलीच्या शेजारीच बसते ना अजून?

मांडवीजवळची

हो, बसते. मी आवर्जून विचारलं. पण ती मुलगी दोन दिवस शाळेत आली नव्हती. का ते माहीत नाही, ताप असेल, मला त्यावरून काही ठरवायचं नाही.

अकोट्याचे दादा, तुमचं म्हणणं मनाला लागलं. मी 'लपवणं' म्हणत नव्हते, पण माझ्या लिहिण्यातून तसं वाटलं असेल तर ते चुकलंच. कुणाला सांगायचं, कधी सांगायचं, हे त्या मुलीच्या आणि तिच्या आईबापाच्या हातात असावं, एवढंच माझं म्हणणं. नऊ वर्षांच्या मुलीनं ताठ उभं राहावं ही अपेक्षा शाळेनं तिच्यावर कशी लादायची?

मास्तरकाका, तीन मुलांचे पैसे बुडाले ही गोष्ट मी विसरणार नाही. म्हणून बाईंविरुद्ध तक्रार करत नाही. समितीला अर्ज देते, की फॉर्म पालकसभेच्या दिवशी पालकांच्या हातात द्यावेत, जे येणार नाहीत त्यांना ऑफिसातून फोन करावा, आणि वर्गात जात पुकारू नये. फोन करायला माणूस नसेल तर आम्ही चार आया शनिवारी बसू.

वाडीतले निवृत्त मास्तर

चार आया बसू नका. मग यादी चार आयांच्या हातात जाईल आणि तिथून अख्ख्या पोळात, म्हणजे गल्लीभर. फोन हेडमास्तरांनीच करायचा, असं अर्जात स्पष्ट लिहा. आणि पालकसभा कामाच्या दिवशी दुपारी ठेवतात, मजुरीवर जाणारे बाप तेव्हा येऊच शकत नाहीत. संध्याकाळी सहानंतरची वेळ मागा. फॉर्म देताना पालकाची सही किंवा अंगठा घ्या, नाहीतर शेवटी "आम्ही दिला होता" आणि "आम्हाला मिळाला नाही" यातच मुदत संपते.

गोत्रीच्या ताई, मी पुकारायचो तेव्हा माझ्या वर्गातल्या किती मुलांचं नाव असं पडलं असेल, याचा विचार मी कधी केला नव्हता. पंचवीसेक वर्षं पुकारलं.

गोत्री, एक आई

काका, अर्जात एक ओळ माझ्याकडून घाला. फॉर्मचं पाकीट बंद असू दे, आणि त्यावर मुलाचं नाव आणि इयत्ता, याशिवाय काही लिहू नये.