मदत हवी आहे: खेकड्याचे सगळेच कल्ले काळे पडतायत

गोड्या पाण्यातल्या खेकड्याच्या (बॅरिटेल्फुसा क्युनिक्युलॅरिस) कल्ल्यांत क्षार नेमके कुठे शोषले जातात, ते सिल्व्हर नायट्रेटने पाहतोय (चांदी क्लोराइडशी जुळून बसते आणि उन्हात काळी पडते). पुढचे, पातळ पेशींचे श्वसनाचे कल्ले फिके राहावेत आणि मागच्या कल्ल्यांत क्षार शोषणाऱ्या जाड पेशींचे पट्टे काळे दिसावेत, ही अपेक्षा. होतंय असं की पहिल्या जोडीपासून सगळंच काळं.

पद्धत: बर्फात बधिर करून कल्ला बुडाशी कापला, डिस्टिल्ड पाण्यात तीनदा धुतला, ०.०५ टक्के सिल्व्हर नायट्रेटमध्ये ४५ सेकंद, पुन्हा धुऊन १० मिनिटं उन्हात. सिल्व्हर न लावलेला कल्ला फिकाच राहतो, म्हणजे काळेपणा कल्ल्यात अडकलेल्या गाळाचा नाही. वेळ १५ सेकंदांवर आणली तर रंग फक्त उतरतो, पट्टे उमटत नाहीत. उन्हात ठेवण्याआधी भिंगाखाली पापुद्र्यांच्या कडेला पांढरे कण दिसतात. कापलेल्या टोकातून झिरपणाऱ्या रक्तद्रवातल्या क्लोराइडचा हा साका असावा. जास्त वेळ धुवावं तर पापुद्रे फुगतात. इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप नाही, साधाच आहे.

तर कापण्याआधी बूड दोऱ्याने बांधणं पुरेल, की रक्तद्रवाइतक्याच परासरण दाबाच्या (म्हणजे पापुद्रे फुगणार नाहीत अशा), क्लोराइड नसलेल्या सोडियम नायट्रेटमध्ये धुवावं? धुवायचं तर किती वेळ?