जिवंत आलेली गाभण पाकट समुद्रात सोडावी का?

खाडीकाठ: परवा पहाटे मासळीच्या लिलावात ठिपक्यांची पाकट आली, पंखांसारखे रुंद कल्ले असलेला चपटा मासा. काळसर पाठीवर पांढरे ठिपके, बदकासारखं नाक. लादीवर टाकताच तिच्या पोटातून दोन पिल्लं पडली, पंख विड्यासारखे गुंडाळलेले. एक थोडा वेळ हललं. बांगडा हजारोंनी अंडी सोडतो. ही कित्येक महिने पोटात वाढवून मोजकीच पिल्लं देते. जिवंत गावली तर सोडा, एवढंच मागणं आहे.

तांडेलाची लेक: किनाऱ्यावरून बोलणं सोपं आहे. तिच्या शेपटीच्या मुळाशी विषारी काटा असतो, उलट्या दातांचा. माझ्या भावाच्या मनगटात घुसला होता. सोसवेल तेवढ्या गरम पाण्यात तासभर हात बुडवून ठेवला, तेव्हा कुठे कळ उतरली. काळोखात, हलत्या बोटीवर खलाशाने ते धूड उचलायचं? त्यात ट्रॉलमध्ये, म्हणजे बोटीने ओढायच्या जाळ्यात, फरफटलेली पाकट सोडली तरी जगेलच असं नाही. शिवाय ही गरिबाची मासळी. मासेमारी बंदीच्या ६१ दिवसांत आमच्याकडे सुकी पाकट शिजते, पापलेट नव्हे.

खाडीकाठ: काट्याचं पटलं. पण कदाचित जगणार नाही म्हणून मारूनच टाकायची? करवत मासा आजोबांच्या जाळ्यात यायचा, मी फक्त भिंतीवर टांगलेली करवत पाहिली. त्याला २००१ मध्ये कायद्याचं संरक्षण मिळालं, तोवर फार उशीर झाला होता.

रापणकर: तुम्ही दोघं ट्रॉलरवरच भांडताय. रापणीत, म्हणजे किनाऱ्यावरून सगळ्यांनी मिळून ओढायच्या जाळ्यात, पाकट गुडघाभर पाण्यात जिवंत दिसते. जाळ्याचा काठ दाबला की आपली आपण निघून जाते, हात लावावा लागत नाही. लहान असली तर आम्ही सोडतो. मोठी सोडत नाही, खरं तेच सांगतो. कधी कधी सगळ्यांची वाटणी तिच्यावरच होते. आणि मोठ्या आसेच्या (भोकांच्या) जाळ्याने हा प्रश्न सुटणार नाही. पाकटीचं पिल्लू जन्मतःच ताटलीएवढं रुंद, ते आसेतून निसटणार कसं?

तांडेलाची लेक: पिल्लं सोडायला माझीही ना नाही. पण गाभण पाकटीचे पैसे कोण देणार? कासवासारखा संरक्षित जीव सोडवताना जाळं कापलं, तर महाराष्ट्रात २०१८ पासून २५,००० रुपयांपर्यंत भरपाई मिळते. पाकट सोडताना जाळं नाही, त्या दिवसाची कमाई जाते. तिची भरपाई द्या, मग भावाला मी स्वतः सांगते.

खाडीकाठ: ही मागणी आपण तिघांनी मिळून मच्छीमार सोसायटीत मांडू. अर्ज मी लिहितो.