ऑपरेशन झालं, पण डिस्चार्ज मिळेना (मदत हवी आहे)

मामांचं वय ६८, गाव खानापूर तालुक्यात. घसरून पडले, खुब्याचं हाड मोडलं. मागच्या आठवड्यात बेळगावच्या एका खासगी दवाखान्यात ऑपरेशन झालं. ताप नाही, जखम कोरडी आहे, वॉकर धरून बाथरूमपर्यंत जातात. मोठे डॉक्टर राउंडला "घरी न्यायला हरकत नाही" म्हणतात, पण वॉर्डात रोज नवं कारण. आधी शुगरसाठी फिजिशियन यायचे होते, मग रविवार आडवा आला, आता म्हणे टाके निघेपर्यंत राहा. टाके साधारण दोन आठवड्यांनी निघतात! तोवर पडून राहायचं म्हणजे पायात रक्ताची गुठळी, छातीत कफ, पाठीला जखमा यांचा धोका उगाच वाढवायचा.

सिस्टर बिलिंगकडे बोट दाखवतात, बिलिंगवाले डॉक्टरांकडे. डिस्चार्जची तारीख लिहून मागितली, दिली नाही. विमा नाही, सरकारी योजनाही नाही, रोख भरतोय. (ठरलेल्या रकमेचं पॅकेज असतं तर त्यांनीच घाई केली असती.) 'दवाखान्याच्या सल्ल्याविरुद्ध नेतोय' अशी सही करून नेणं मामींना नको आहे. घरी पायऱ्या नाहीत, कमोड खुर्ची आणलीय. गुठळी होऊ नये म्हणून पोटात रोज इंजेक्शन चालू आहे, ते गावात कोण देणार हा एकच घोर.

बाहेर ऑपरेशन झालेल्या पेशंटचे टाके खानापूरच्या सरकारी दवाखान्यात काढतात का? इंजेक्शनऐवजी गोळी कुणाला दिली होती का? आणि डिस्चार्ज कार्डावर नेमकं काय काय लिहून घ्यावं?